जॉब नक्की कोणाच्या नावाने चालतो? सीआयसीएस-डीबीटू प्रोग्राममधून जॉब पाठवण्याआधी युजरची परवानगी तपासणं, पायरी पायरीने

अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये एका बँकेच्या प्रोजेक्टवर होतो, तेव्हाची गोष्ट. व्याजाचा रिपोर्ट पुन्हा काढता यावा म्हणून आम्ही एक छोटा स्क्रीन बनवला होता. खात्याचा प्रकार टाका, महिना टाका, पीएफ५ दाबा. प्रोग्राम जेसीएल, म्हणजे काय चालवायचं ते मेनफ्रेमला सांगणाऱ्या ओळी, तयार करून जॉब (बॅचमध्ये चालणारं काम) पाठवून देतो. चार महिने सगळं सुरळीत. मग ऑडिटवाल्या मॅडमनी साधाच प्रश्न विचारला, "३१ तारखेला रात्री हा जॉब दोनदा चाललाय. दुसऱ्यांदा कोणी चालवला?" एसएमएफच्या, म्हणजे सिस्टिम स्वतः ठेवते त्या, नोंदी काढल्या, तर चार महिन्यांतल्या झाडून सगळ्या जॉबपुढे एकच नाव: सीआयसीएस रीजनचा, म्हणजे आमचे स्क्रीन चालवणाऱ्या सर्व्हरचा, आयडी. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दार कोणी उघडलं विचारलं तर तुम्ही सांगताय, बिल्डिंगने उघडलं."

चूक आमचीच होती. जॉब कार्डावर, म्हणजे जेसीएलच्या पहिल्या ओळीत, युजर लिहिलेला नव्हता, आणि स्क्रीनवर बसलेल्या माणसाला हा जॉब पाठवायचा अधिकार आहे का, हे प्रोग्राम कोणालाच विचारत नव्हता. रीजनच्या आयडीला जवळपास सगळ्या डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलींची) मुभा असल्यामुळे काहीही अडत नव्हतं, आणि अडत नव्हतं म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते दुरुस्त करताना जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं झेड-ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), जेईएस२ (जॉब घेऊन चालवणारा), रॅकएफ (परवानग्या तपासणारा), सीआयसीएस (स्क्रीनवरचे व्यवहार चालवणारा) आणि डीबीटू (डेटाबेस) यांची आहेत. तुमच्याकडे रॅकएफऐवजी एसीएफ२ किंवा टॉप सीक्रेट असेल तर कमांड बदलतील, विचार तोच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन कॅपिटलमध्ये टाकायच्या.

आधी रस्ता ओळखा

मेनफ्रेमवर जॉब पाठवायचे रस्ते बरेच आहेत, आणि प्रत्येक रस्त्यावर जेईएसला दिसणारा "पाठवणारा" वेगळा असतो. कोड लिहायला बसण्याआधी आपला जॉब कुठल्या रस्त्याने जातो ते कागदावर लिहून काढा.

टीएसओवरून, म्हणजे मेनफ्रेमवर लॉगऑन करून स्वतः कमांड देत, सबमिट केलं तर पाठवणारा म्हणजे तुम्ही स्वतः. रॅकएफच्या टीएसओऑथ क्लासमधल्या (क्लास म्हणजे एका प्रकारच्या परवानग्यांचा कप्पा) जेसीएल या रिसोर्सवर रीड परवानगी असेल तरच सबमिट कमांड चालते. जॉब कार्डावर युजर नसेल तर रॅकएफ तुमचाच आयडी जॉबला चिकटवतो. याला प्रोपगेशन म्हणतात. टीएसओमध्ये हे योग्यच आहे.

सीआयसीएसमधून पाठवायचे दोन मार्ग. एक, एक्स्ट्रापार्टिशन टीडी क्यू, म्हणजे सीआयसीएसबाहेर लिहिणारी रांग, जिचा डीडी (ओळी कुठे जाणार ते सांगणारी व्याख्या) इंटरनल रीडरकडे, म्हणजे जेईएसच्या जॉब घेणाऱ्या खिडकीकडे, वळवलेला असतो. दुसरा, स्पूलओपन, स्पूलराइट, स्पूलक्लोज या कमांड. दोन्हीकडे मूळ वागणूक अशी की जेईएसला पाठवणारा म्हणून रीजन दिसतो. पीएफ५ दाबणारी व्यक्ती जेईएसच्या खिजगणतीतही नसते. नव्या आवृत्त्यांत टास्कच्या युजरच्या नावाने जॉब पाठवायची सोय आली आहे. ती तुमच्या साइटवर चालू आहे का, हे सिस्टिम प्रोग्रामरला विचारून घ्या. गृहीत धरू नका.

तिसरा रस्ता डीबीटूचा: ॲडमिन_जॉब_सबमिट ही स्टोअर्ड प्रोसिजर. जेसीएलच्या ओळी सिसआयबीएम.जॉब_जेसीएल या तात्पुरत्या टेबलात घालायच्या आणि प्रोसिजरला युजर आयडी व पासवर्ड देऊन कॉल करायचा. इथे पाठवणारा स्पष्ट असतो, पण पासवर्ड एन्क्रिप्ट न होता जातो. म्हणून खरा पासवर्ड न देता एकदाच चालणारं पासतिकीट द्यावं. कोणी प्रोग्राममध्ये पासवर्ड हार्डकोड केलेला दिसला तर तो त्याच दिवशी काढायला लावा.

या लेखात सीआयसीएसच्या रस्त्यावर जास्त थांबतो, कारण घोळ बहुतेक तिथेच होतात.

मुखत्यारपत्र कोणाला द्यायचं

गावाकडच्या जमिनीचं काम मुंबईत बसून करायचं असेल तर आपण भावाला मुखत्यारपत्र देतो. तो सही करतो, व्यवहार आपल्या नावाने होतो. रॅकएफमधला सरोगॅट क्लास म्हणजे नेमकं हेच. ज्या आयडीच्या नावाने जॉब चालणार आहे त्याच्या नावाचं प्रोफाइल (परवानगीची नोंद) असतं, आणि त्यावर ज्याला रीड आहे तो त्या नावाने, पासवर्ड न देता, जॉब पाठवू शकतो.

आधी जॉबसाठी वेगळा आयडी काढा. समजा त्याचं नाव व्याजबॅट. त्याला पासवर्डच ठेवू नका:

ॲडयुजर व्याजबॅट डिफॉल्टग्रुप(बॅचग्रु) नोपासवर्ड

असा आयडी प्रोटेक्टेड होतो. पासवर्ड टाकून त्यातून कोणालाच लॉगऑन करता येत नाही, आणि चुकीचे पासवर्ड मारून तो रिव्होकही (बंद) करता येत नाही. महिनाअखेरीला रात्री दोन वाजता बॅच आयडी रिव्होक झाल्याचा फोन ज्याने घेतलाय त्याला या दुसऱ्या फायद्याची किंमत कळेल.

मग मुखत्यारपत्र:

आरडिफाइन सरोगॅट व्याजबॅट.सबमिट यूएसीसी(नन)
परमिट व्याजबॅट.सबमिट क्लास(सरोगॅट) आयडी(सीआयसीप्रॉ) ॲक्सेस(रीड)
सेटरॉप्ट्स रॅकलिस्ट(सरोगॅट) रिफ्रेश

यूएसीसी(नन) म्हणजे यादीत नसलेल्या कोणालाही परवानगी नाही. सीआयसीप्रॉ हा रीजनचा आयडी. मुखत्यारपत्र माणसांना दिलेलं नाही, रीजनला दिलं आहे, हे नीट पाहा. आमच्या टीममध्ये इथेच वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "अरे, शाखेच्या ऑफिसर ग्रुपलाच सरोगॅटवर रीड देऊन टाकू. एका दगडात दोन पक्षी!" पण त्या ग्रुपमधल्या कोणाकडे टीएसओ असेल तर तो आपल्या मनाने लिहिलेलं कुठलंही जेसीएल, युजर=व्याजबॅट लिहून, सरळ पाठवू शकेल. स्क्रीन नाही, तपासणी नाही, मधे कोणी नाही. त्याला एक रिपोर्ट काढायची परवानगी द्यायची होती, आणि हातात पडला व्याजबॅटचा अख्खा अधिकार.

म्हणून दोन फाटकं वेगळी ठेवायची. जेईएसच्या फाटकावर रीजनला ओळखतात; तिथे सरोगॅट. प्रोग्रामच्या फाटकावर माणसाला ओळखायचं. तिथे आपला स्वतःचा क्लास.

रीजनच्या नावाने जॉब सुटूच नये

जॉब कार्डावरचा युजर पुढे कधीतरी कोणाकडून पुसला गेला, की जॉब पुन्हा निमूटपणे रीजनच्या नावाने चालू लागतील. यावर प्रॉपकंट्रोल क्लास आहे:

आरडिफाइन प्रॉपकंट्रोल सीआयसीप्रॉ
सेटरॉप्ट्स क्लासॲक्ट(प्रॉपकंट्रोल) रॅकलिस्ट(प्रॉपकंट्रोल)

या प्रोफाइलला ॲक्सेस लिस्ट लागत नाही. ते असणं पुरेसं आहे. सीआयसीप्रॉचा आयडी यापुढे जॉबला आपोआप चिकटत नाही. जोडीला सेटरॉप्ट्समध्ये जेईएस(बॅचऑलरॅकएफ) चालू असेल तर बिनयुजरचा जॉब सरळ नापास होतो. सुरुवातीला दोन-चार जुने जॉब पडतील आणि फोन येतील. ते आत्ता आलेले बरे.

कोणत्या नावाचे जॉब कोणी पाठवायचे, हे बांधायचं असेल तर जेईएसजॉब्स क्लास वापरतात. प्रोफाइलचा साचा सबमिट.नोड.जॉबनाव.युजर असा. एक खबरदारी मात्र घ्या: क्लास चालू करण्याआधी बाकी सगळ्यांसाठी रीड देणारं सर्वसमावेशक प्रोफाइल हवं. ते विसरून क्लास चालू केला तर ज्यांच्यासाठी प्रोफाइल नाही असे जॉब अडतील, आणि शुक्रवारी संध्याकाळी हे केलं असेल तर तुमची शेवटची लोकलही चुकेल.

माणसाचं फाटक

आता स्वतःचा क्लास. तो डायनॅमिक पद्धतीने, म्हणजे सीडीटी (क्लासच्या व्याख्यांच्या) क्लासमध्ये प्रोफाइल टाकून, बनवता येतो. आयपीएल, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू करणं, लागत नाही. नावात एखादा अंक ठेवा, म्हणजे आयबीएमच्या क्लासशी टक्कर होणार नाही. आपण एजॉब१ म्हणू. पॉझिट नंबर साइटसाठी राखलेल्या १९ ते ५६ किंवा १२८ ते ५२७ यांतला, दुसऱ्या कुठल्या क्लासने न घेतलेला द्या. नावात टिंब चालायला हवं असेल तर अदर() मध्ये स्पेशल लिहायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. रॅकएफ टीमकडून आलेलं उत्तर वाचून अर्धा दिवस डोकं खाजवलं.

मग प्रत्येक कामाला एक रिसोर्स:

आरडिफाइन एजॉब१ व्याज.पुनर्छपाई यूएसीसी(नन) ऑडिट(ऑल(रीड))
परमिट व्याज.पुनर्छपाई क्लास(एजॉब१) आयडी(शाखाऑफ) ॲक्सेस(रीड)
सेटरॉप्ट्स रॅकलिस्ट(एजॉब१) रिफ्रेश

परमिट व्यक्तीला न देता ग्रुपला द्या. ऑडिट(ऑल(रीड)) मुळे परवानगी मिळालेल्या आणि नाकारलेल्या, दोन्ही विनंत्या एसएमएफच्या ८० नंबरच्या रेकॉर्डमध्ये उतरतात.

मुंबईत बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात रॅकएफ स्पेशल, म्हणजे प्रोफाइल बदलायचा अधिकार, क्वचितच असतं. ते क्लायंटच्या टीमकडे, बहुतेक वेळा दुसऱ्या टाइमझोनमध्ये. "व्याज जॉबला ॲक्सेस हवा आहे" असं तिकीट टाकलं तर तीन दिवस नुसते प्रश्नोत्तरांत जातात. तिकिटात पूर्ण कमांड, कारण, आणि पडताळणी कशी करायची तेही लिहा. आमचं पहिलं तिकीट आठवडाभर लोंबकळलं. असं लिहिलेलं दुसरं रात्रीत झालं.

कोबोलमध्ये तपासणी

सीआयसीएस प्रोग्राममध्ये क्वेरी सिक्युरिटी वापरा. ही कमांड ट्रान्झॅक्शन चालवणाऱ्या युजरसाठी विचारणा करते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

एक्झेक सीआयसीएस क्वेरी सिक्युरिटी
    रेसक्लास('एजॉब१')
    रेसआयडी(डब्ल्यूएस-काम)
    रेसआयडीलेंग्थ(डब्ल्यूएस-लांबी)
    रीड(डब्ल्यूएस-रीड)
    लॉगमेसेज(डीएफएचव्हॅल्यू(लॉग))
    रेस्प(डब्ल्यूएस-रेस्प)
एंड-एक्झेक

इफ डब्ल्यूएस-रेस्प = डीएफएचरेस्प(नॉर्मल)
   अँड डब्ल्यूएस-रीड = डीएफएचव्हॅल्यू(रीडेबल)
   परफॉर्म जॉब-पाठवा
एल्स
   परफॉर्म नकार-दाखवा
एंड-इफ

इफची रचना मुद्दाम अशी आहे. मी असे प्रोग्राम पाहिलेत ज्यांत नॉटरीडेबल आलं तर नकार आणि एरवी होकार, असं उलटं लिहिलेलं असतं. रिसोर्सचं नाव चुकलं, क्लास सापडला नाही, काहीही बिघडलं की एल्समधून जॉब सुटतो. होकाराची एकच वाट ठेवा.

लॉगमेसेज कुठे लॉग आणि कुठे नोलॉग, हेही ठरवावं लागतं. मेन्यूवर पर्याय दाखवायचा की लपवायचा एवढंच ठरवत असाल तर नोलॉग. नाहीतर प्रत्येक स्क्रीन उघडताना उल्लंघनाचे मेसेज पडतील आणि सिक्युरिटीवाले तुमच्या नावाने खडे फोडतील. प्रत्यक्ष पाठवण्याच्या क्षणी मात्र लॉग. आणि मेन्यूवर तपासलं म्हणून पाठवताना सोडून द्यायचं, असं करू नका. मधल्या वेळात परवानगी काढलेली असू शकते. शिवाय ट्रान्झॅक्शन दुसऱ्या वाटेनेही सुरू होऊ शकतं.

सीआयसीएसबाहेरच्या बॅच प्रोग्राममध्ये हीच विचारणा रॅकरूट रिक्वेस्ट=ऑथ या मॅक्रोने, छोट्या असेंबलर रुटीनमधून करतात. परतीचा कोड ० म्हणजे परवानगी, ८ म्हणजे नकार, आणि ४ म्हणजे रॅकएफला निर्णय देता आला नाही, उदाहरणार्थ प्रोफाइलच नाही. "८ पेक्षा कमी म्हणजे ठीक" असं लिहिलेलं जुन्या कोडमध्ये भरपूर सापडतं. आपल्या कामासाठी ४ हाही नकारच. एएससीबी, एएसएक्सबी, एसीईई असे कंट्रोल ब्लॉक धुंडाळून युजरचं नाव काढायची युक्ती बॅचमध्ये रिपोर्टवर नाव छापायला ठीक आहे. सीआयसीएसमध्ये त्या वाटेने रीजनचं नाव हाती लागतं.

डीबीटूचा चकवा

बरेच जण म्हणतात, रॅकएफ कशाला, आपलं एक परवानगी टेबल करू आणि व्हेअर युजरआयडी = युजर असं सिलेक्ट मारू. दिसायला सुटसुटीत. पण सीआयसीएसमधून डीबीटूला कोणता आयडी जातो हे सीआयसीएस-डीबीटू जोडणीच्या व्याख्यांमधल्या, म्हणजे डीबीटूएंट्री किंवा डीबीटूकॉनमधल्या, ऑथटाइपवर ठरतं. युजरआयडी असेल तर माणसाचं नाव जातं. टीएक्स असेल तर ट्रान्झॅक्शनचं नाव जातं, आणि मग युजर या स्पेशल रजिस्टरमध्ये प्रत्येकासाठी तीच चार अक्षरं येतात. टेबलात ती चार अक्षरं टाकून कोणी "दुरुस्ती" केली, की दार सताड उघडं. माणसाचं नाव हवंच असेल तर एक्झेक सीआयसीएस असाइन युजरआयडी वापरा.

टेबल अगदीच टाकाऊ नाही. हा ऑफिसर फक्त आपल्या शाखेचा रिपोर्ट काढू शकतो, हा धंद्याचा नियम आहे आणि तो टेबलातच शोभतो. जॉब पाठवायचा अधिकार आहे की नाही, हे मात्र रॅकएफला विचारा.

जॉब सुरू झाल्यावर डीबीटूला दिसतो तो व्याजबॅट. प्रोग्रामचं एसक्यूएल स्टॅटिक (आधीच बांधून ठेवलेलं) असेल तर टेबलांवरचे हक्क पॅकेजच्या मालकाच्या नावाने तपासले जातात. व्याजबॅटला फक्त हे पुरतं:

ग्रँट एक्झिक्यूट ऑन प्लॅन व्याजप्लॅ टू व्याजबॅट

डायनॅमिक (चालताना तयार होणारं) एसक्यूएल असेल आणि डायनॅमिकरूल्स रन असेल तर हक्क चालवणाऱ्याचे बघितले जातात, आणि -५५१ हा "हक्क नाही" असा एरर येतो. तो आला की घाईघाईने डीबीएडीएम, म्हणजे अख्ख्या डेटाबेसचा अधिकार, देऊन मोकळं होण्याची सवय काही लोकांना असते. एवढं केलेलं सगळं त्या एका ग्रँटमध्ये वाहून जातं. नेमक्या टेबलावर नेमका हक्क द्या.

जेसीएलमध्ये युजरने टाकलेला मजकूर

परवानगी तपासली, युजर लिहिला, आणि तरीही घर लुटलं जाऊ शकतं. समजा महिन्याच्या रकान्यातला मजकूर तुम्ही जसाच्या तसा सिसइनच्या, म्हणजे जेसीएलमध्येच दिलेल्या डेटाच्या, ओळीत टाकता. कोणी त्या रकान्यात // ने सुरू होणारा मजकूर टाकला तर सिसइन तिथेच संपतं आणि ती ओळ जेसीएल म्हणून वाचली जाते. रकाना लांब असेल किंवा दोन-तीन रकाने सलग ओळींवर जात असतील, तर आख्खी नवी स्टेप, अगदी नवं जॉब कार्डसुद्धा घुसवता येतं. इंटरनल रीडर समोर आलेलं वाचतो. कोणी लिहिलंय ते बघत नाही.

उपाय सोपा आहे. काय चालणार नाही याची यादी करत बसू नका. काय चालेल तेवढंच ठरवा. महिना म्हणजे सहा अंक, बस. खात्याचा प्रकार टेबलातल्या यादीतलाच. मोकळा मजकूर जेसीएलमध्ये जाऊच देऊ नका: तो विनंतीच्या टेबलात ठेवा आणि जॉबला फक्त विनंती क्रमांक द्या. आम्ही शेवटी हेच केलं, आणि जेसीएल इतकं स्थिर झालं की त्यात विनंती क्रमांकाशिवाय काहीच बदलत नाही:

//व्याज०१ जॉब (हिशेब),'आर०००४५१७',क्लास=ए,युजर=व्याजबॅट

क्रमांक प्रोग्रामरच्या नावाच्या जागी टाकला आहे. तिथे २० अक्षरं मावतात.

टीडी क्यू वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. ओळी लिहायच्या आधी एन्क्यू (कुलूप) लावा, नाहीतर दोन युजरनी एकाच वेळी पीएफ५ दाबलं की दोघांच्या ओळी एकमेकांत मिसळतात. आणि शेवटी /*ईओएफ ही ओळ टाका. ती नसेल तर जॉब बफरमध्ये पडून राहतो आणि पुढचा कोणी जॉब पाठवेल तेव्हा त्याच्या धक्क्याने बाहेर पडतो.

नोंद आधी, जॉब नंतर

इंटरनल रीडरकडे गेलेल्या ओळी रोलबॅक होत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: परवानगी तपासा, विनंतीच्या टेबलात ओळ घाला (क्रमांक, असाइनने मिळालेला युजर, वेळ, काम), सिंकपॉइंट घ्या (म्हणजे नोंद पक्की होते), मग जॉब पाठवा. उलट केलं तर जॉब गेलेला आणि नोंद रोलबॅक झालेली, असा प्रसंग येतो.

स्क्रीनवर "जॉब चालू झाला" असं लिहू नका. स्पूलक्लोज नॉर्मल आलं तरी जेईएस पुढे सरोगॅट नाही म्हणून जॉब नाकारू शकतो, आणि ते प्रोग्रामला कळत नाही. "विनंती आर०००४५१७ नोंदवली" एवढंच लिहा. जॉबच्या पहिल्या स्टेपने त्या ओळीवर "सुरू" असा शिक्का मारावा. अर्ध्या तासात शिक्का नसेल तर काहीतरी अडलंय.

चाचणी करताना

आमच्या टेस्ट रीजनमध्ये सेक=नो होतं, म्हणजे सुरक्षा तपासणी बंद. त्या स्थितीत क्वेरी सिक्युरिटी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणते. आमच्या सगळ्या टेस्ट केस हिरव्या होत्या, कारण नकार येणं शक्यच नव्हतं. आधी सेक=येस असलेला रीजन मागून घ्या. प्रोफाइल वॉर्निंग मोडमध्ये नाही ना, तेही आरलिस्टने बघा. त्या मोडमध्ये नुसता इशारा मिळतो, वाट मोकळीच राहते.

मग नकाराच्या टेस्ट: ग्रुपबाहेरचा युजर, साइनऑन न केलेला, म्हणजे डिफॉल्ट युजरवर चालणारा टर्मिनल, रिसोर्सचं नाव मुद्दाम चुकवलेला प्रोग्राम, जॉब कार्डावरून युजर काढलेलं जेसीएल, रीजनचं सरोगॅट परमिट काढून केलेला प्रयत्न, आणि महिन्याच्या रकान्यात //. होकाराची एक टेस्ट पुरते.

नकार आला की लॉगमध्ये आयसीएच४०८आय हा रॅकएफचा मेसेज शोधा आणि त्यातलं युजर() आधी वाचा. तिथे माणसाचं नाव असेल तर प्रोग्रामच्या फाटकावर अडलं, एजॉब१ बघा. रीजनचं नाव असेल तर जेईएसच्या फाटकावर अडलं, सरोगॅट बघा. व्याजबॅट असेल तर जॉब सुरू झाला होता आणि एखाद्या डेटासेटवर अडला.

दर तिमाहीला आरलिस्ट एजॉब१ व्याज.पुनर्छपाई ऑथयुजर आणि लिस्टग्रुप शाखाऑफ या दोन कमांडचं आउटपुट काढून शाखेच्या मॅनेजरांकडे पाठवा. त्यांनी नावं वाचून खुणा करायच्या. पहिल्याच वेळी आमच्या यादीत तीन नावं अशी निघाली की ती माणसं केव्हाच दुसऱ्या विभागात गेली होती, आणि त्यांतलं एक माझं होतं.